ऑपरेटिंग सिस्टिम बदलली. आता जुना बॅकअप परत आणायचा कसा?

विंडोज काढून लिनक्स टाकलं, किंवा विंडोजचा लॅपटॉप देऊन मॅक घेतला, किंवा याच्या अगदी उलट. नवी सिस्टिम मजेत चालू आहे. मग जुन्या फाइलींची एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडता आणि स्क्रीनवर येतं: 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?' इथे 'होय' म्हणू नका. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या. डिस्क खराब झाली आहे असा त्या प्रश्नाचा अर्थ नसतो. 'या डिस्कवरची मांडणी मला वाचता येत नाही' एवढंच विंडोजला सांगायचं असतं. लिनक्स किंवा मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली धडधाकट डिस्क जोडली तरी विंडोज हाच प्रश्न विचारतं. मॅकवर याच जागी 'इनिशियलाइझ' असं बटण येतं. दोन्हीकडे रद्द करा आणि डिस्क काढून ठेवा.

त्याच सिस्टिमवर बॅकअप परत घेणं आणि वेगळ्या सिस्टिमवर घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या कामात 'रिस्टोअर' बटण दाबलं की सगळं जागच्या जागी जातं. दुसऱ्यात तसं बटण बहुधा नसतंच, आणि असलं तरी ते दाबू नये असं माझं मत आहे. आपल्याला फक्त फाइली हव्या आहेत, जुन्या सिस्टिमचा संसार नको. म्हणून आधी सगळं एका मोकळ्या फोल्डरमध्ये उतरवायचं, तपासायचं आणि मगच आपापल्या जागी लावायचं.

अजून फॉरमॅट मारला नसेल तर

सिस्टिम बदलायचं फक्त ठरलं असेल आणि जुनी अजून चालू असेल, तर तुम्ही सुदैवी आहात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपल्यापासून बरेच जण याच वळणावर उभे आहेत. पुढचं निम्मं काम इथेच सोपं होतं.

पहिली तपासणी क्लाउडची. वनड्राइव्हमध्ये ठेवलेली फाइल एक्सप्लोररमध्ये दिसते, तिचं नाव दिसतं, आकारही दिसतो. पण शेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या संगणकावर नाही. तिथे फक्त तिची पाटी आहे. मॅकवर आयक्लाउडची जागा वाचवण्याची सोय चालू असेल तर तिथेही असंच होतं. अशा फोल्डरचा बॅकअप घेतला तर हाती पाट्याच येण्याची शक्यता असते. फोल्डरवर राइट क्लिक करून तो कायम याच संगणकावर ठेवायचा पर्याय निवडा, सगळं उतरू द्या आणि मग कॉपी करा. ज्या फाइली क्लाउडमध्ये आहेतच त्या नव्या सिस्टिमवर तिथूनच घेता येतील. पण त्या तिथे खरोखर आहेत ना, हे ब्राउझरमधून लॉगिन करून एकदा डोळ्यांनी पाहा.

दुसरी तपासणी कुलपांची. अनेक नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) किंवा त्याचंच साधं रूप आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आत्ताच कागदावर उतरवा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यातही सापडू शकते. याहून जुना आणि जास्त घातक प्रकार म्हणजे ईएफएस, एकेका फाइलीला लावलेलं विंडोजचं कुलूप. फाइलच्या गुणधर्मांत जाऊन 'एन्क्रिप्ट' वर टिचकी मारली की हे लागू होतं. या फाइली उघडण्याची किल्ली त्या विंडोज खात्याच्या प्रमाणपत्रात असते. प्रमाणपत्र बाहेर काढून न ठेवता विंडोज पुसलं, तर फाइली डिस्कवर असूनही कायमच्या गेल्या. लिनक्स त्या उघडून देत नाही आणि नव्याने टाकलेलं विंडोजही देत नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या मांडणीच्या, डिस्कवर राहतील तोवर या फाइली कुलूपबंदच राहतात. म्हणून चालू सिस्टिममध्येच एन्क्रिप्शन काढा आणि मग कॉपी करा.

तिसरी गोष्ट निर्यातीची. ज्या प्रोग्रॅमचा माल दुसरीकडे उघडणार नाही, तो त्याच प्रोग्रॅममधून सर्वांना चालणाऱ्या रूपात बाहेर काढा. पेजेस, नंबर्स आणि कीनोटच्या फाइली वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट किंवा पीडीएफ रूपात काढा. ब्राउझरमधले बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये आणि पासवर्ड सीएसव्हीमध्ये काढा. ही सीएसव्ही फाइल म्हणजे उघडी तिजोरी असते, नव्या ब्राउझरमध्ये घेतली की लगेच पुसा. मॅकच्या फोटोज अ‍ॅपमधले फोटो 'मूळ रूपात निर्यात' करून काढा. हे आत्ता नाही केलं तर नंतर काय होतं ते पुढे येईलच.

हे सगळं ठेवायला एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली रिकामी डिस्क घ्या. जुन्या सवयीने एफएटी३२ वापरू नका. तिथे ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही आणि लांबलचक व्हिडिओ अर्ध्यावर अडकतात.

तुमच्याकडे नेमकं काय आहे?

ज्यांची जुनी सिस्टिम गेली आहे, त्यांची सुरुवात इथून. 'बॅकअप आहे' असं म्हणणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात तीनपैकी एक गोष्ट असते, आणि तिन्हींची वाट वेगळी आहे.

साधी कॉपी म्हणजे कुणीतरी फोल्डर ओढून डिस्कवर टाकलेत. हा सगळ्यात कमी शहाणपणाचा मानला जाणारा बॅकअप, पण सिस्टिम बदलताना याच्याइतका उपयोगी दुसरा नाही. डिस्क वाचता आली की काम झालं.

दुसरा प्रकार बॅकअप प्रोग्रॅमने बांधलेल्या गठ्ठ्याचा. यात विंडोजची फाइल हिस्ट्री, विंडोज ७च्या काळातलं 'बॅकअप अँड रिस्टोअर', मॅकचं टाइम मशीन, उबुंटूमधलं देजा ड्यूप वगैरे येतात. यातले काही गठ्ठे हाताने सोडवता येतात, काही येत नाहीत.

तिसरा प्रकार इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कचा एका फाइलमध्ये घेतलेला ठसा. व्हीएचडी, व्हीएचडीएक्स, डीएमजी अशी एक्स्टेन्शन दिसली तर समजा की तुमच्याकडे ठसा आहे. हा नव्या संगणकावर जसाच्या तसा 'रिस्टोअर' केला तर नवी सिस्टिम पुसली जाईल आणि जुनी परत येईल. आपल्याला तो फक्त उघडून आतल्या फाइली काढायच्या आहेत.

डिस्क कोणाला वाचता येते?

विंडोजची डिस्क सहसा एनटीएफएस असते. लिनक्स ती वाचतं आणि तिच्यावर लिहितंही. २०२१मध्ये आलेल्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) त्यासाठी नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे आणि त्याआधीपासून एनटीएफएस-३जी हा वेगळा ड्रायव्हर होताच. मॅक एनटीएफएस वाचतं पण लिहीत नाही. आपल्याला वाचायचंच आहे, त्यामुळे बिघडत नाही. उलट बरंच आहे, बॅकअपला चुकून धक्का लागत नाही.

मॅकच्या डिस्का एचएफएस प्लस किंवा २०१७पासूनच्या एपीएफएस पद्धतीच्या असतात. विंडोजला यातलं काहीच कळत नाही. लिनक्सला एचएफएस प्लस वाचता येतं. एपीएफएससाठी एपीएफएस-फ्यूज नावाचं वेगळं साधन टाकावं लागतं आणि तेही फक्त वाचतं. लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क विंडोज आणि मॅक दोघांनाही सरळ दिसत नाही. एक्सफॅट तिघांनाही चालतं, फक्त लिनक्स फार जुनं नको.

एक उपाय मात्र बहुतेक ठिकाणी चालतो. लाइव्ह लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवा, म्हणजे उबुंटू किंवा मिंट इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालू करता येतं. त्यात ईएक्सटी४, एनटीएफएस आणि एक्सफॅट तिन्ही वाचता येतात. जुनी डिस्क एका पोर्टला, रिकामी एक्सफॅट डिस्क दुसऱ्याला, आणि एकीकडून दुसरीकडे कॉपी. लिनक्सवरून विंडोजकडे परतणाऱ्यांसाठी मला हाच मार्ग सगळ्यात बिनधोक वाटतो. विंडोज ११मध्ये डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) ईएक्सटी४ डिस्क जोडता येते हे खरं, पण एकदाच करायच्या कामासाठी ती खटपट कशाला?

लिनक्सवर एनटीएफएस डिस्क उघडत नसेल किंवा 'फक्त वाचनासाठी' उघडत असेल, तर बहुतेक वेळा विंडोज नीट बंद झालेलं नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असलं की 'शट डाउन' म्हटल्यावरही विंडोज अर्धवट झोपतं आणि आतल्या डिस्का अडवून ठेवतं. जुनं विंडोज शेजारी असेल तर ते चालू करून शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. विंडोज गेलंच असेल तर वाचनापुरती डिस्क उघडा आणि फाइली काढून घ्या. दुरुस्तीच्या फंदात पडू नका. बिटलॉकरची डिस्क अलीकडच्या लिनक्समध्ये फाइल मॅनेजरमधूनच उघडते, पासवर्ड किंवा ती ४८ आकडी की मागते. मॅकवर मात्र त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

उतरवून घेण्याची पद्धत

नव्या संगणकावर 'जुना बॅकअप' असं एक फोल्डर करा. होम फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या खात्याच्या मुख्य फोल्डरमध्ये, थेट काही टाकू नका. नव्या 'डॉक्युमेंट्स' वर जुनं 'डॉक्युमेंट्स' ओतलं की कोणती फाइल कुठली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

काही हजार फाइली असतील तर माउसने ओढून चालेल. त्याहून जास्त असतील तर मध्येच एखादी फाइल अडते, खिडकी प्रश्न विचारत बसते आणि सकाळी उठून पाहावं तर काम तिथेच थांबलेलं. लिनक्स आणि मॅकवर आरसिंक, विंडोजवर रोबोकॉपी वापरा. ही आज्ञा टाइप करून चालवायची कॉपीची साधनं आहेत. आरसिंकला 'आर' आणि 'टी' हे पर्याय दिले की आतले सगळे फोल्डर येतात आणि फाइलींच्या तारखाही टिकतात. मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तर तीच आज्ञा पुन्हा द्या. आधी आलेलं सोडून उरलेलंच येतं. शिवाय कोणत्या फाइली अडल्या याची यादी शेवटी हातात असते, आणि पुढच्या कामाला ती लागणार आहे.

गठ्ठे सोडवणं

विंडोज ७ पद्धतीचा बॅकअप वरून एकाच फाइलसारखा दिसतो, पण आत फोल्डर आणि भरपूर झिप असतात. लिनक्स किंवा मॅकवर तो साध्या फोल्डरसारखा उघडतो. झिप तारखेनुसार गटांत असतात. सगळ्यात जुन्या गटापासून सुरुवात करा, सगळं एकाच जागी सोडा, आणि 'आधीची फाइल बदलू का' असं विचारलं तर होय म्हणा. अशा क्रमाने गेलं की शेवटी प्रत्येक फाइलची सगळ्यात नवी प्रत उरते. उलट्या क्रमाने गेलात तर जुनी प्रत नव्यावर बसेल.

फाइल हिस्ट्रीत फाइली उघड्याच असतात, पण प्रत्येक नावापुढे कंसात तारीख, वेळ आणि यूटीसी ही अक्षरं चिकटवलेली. एकाच अहवालाच्या बारा प्रती असू शकतात. फाइली थोड्या असतील तर नावाने क्रम लावा, प्रत्येक गटातली शेवटची ठेवा आणि कंस काढून टाका. हजारो असतील तर हे हाताने करणं म्हणजे शिक्षा आहे. कुठलाही विंडोज संगणक मिळवा, नाहीतर लिनक्सवर व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) विंडोज टाका आणि तिथल्या फाइल हिस्ट्रीला तीच डिस्क दाखवा. तारखा काढून शेवटच्या प्रती ती स्वतःच वेगळ्या फोल्डरमध्ये काढून देते.

ठसा असेल तर सेव्हन-झिप हे फुकट साधन आधी वापरून पाहा. ते व्हीएचडी, व्हीएचडीएक्स, डीएमजी उघडतं. आतलं एनटीएफएस, एचएफएस आणि ईएक्सटीसुद्धा वाचतं. विंडोजवर व्हीएचडीएक्स फाइलवर डबल क्लिक केलं तरी ती ड्राइव्हसारखी जोडली जाते. बॅकअप सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचे स्वतःचे बंदिस्त प्रकार मात्र त्यांच्याच प्रोग्रॅमने उघडतात. तेव्हा पुन्हा विंडोज किंवा व्हर्च्युअल मशीन.

टाइम मशीनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे लोक घाबरतात. २००७ साली आलेल्या या सोयीने जागा वाचवायला एक युक्ती केली: न बदललेले फोल्डर पुन्हा साठवायचे नाहीत, जुन्याकडेच बोट दाखवायचं. अख्ख्या फोल्डरचे असे दुवे एचएफएस प्लसमध्ये असतात, इतरांत नसतात. म्हणून लिनक्सवर ही डिस्क उघडली की बरेचसे फोल्डर शून्य आकाराच्या फाइलींसारखे दिसतात आणि वाटतं, सगळं गेलं. गेलेलं नसतं. खरा माल त्याच डिस्कवरच्या एका लपवलेल्या, खाजगी फोल्डरमध्ये असतो. २०२०च्या बिग सरपासून टाइम मशीन एपीएफएसच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे त्या त्या क्षणी डिस्क कशी होती याच्या नोंदीवर, चालतं, तिथली गुंतागुंत आणखी वेगळी. दोन्हींवर शहाणपणाचा उपाय एकच: तासाभरासाठी कुणाचा तरी मॅक मागा, डिस्क जोडा, फाइंडरमध्ये शेवटच्या तारखेचं फोल्डर उघडा आणि वापरकर्त्याचं फोल्डर एक्सफॅट डिस्कवर कॉपी करा. नेटवर्कवरच्या डिस्कवर टाइम मशीन घेतलं असेल तर तिथे छोट्याछोट्या तुकड्यांनी भरलेला 'स्पार्सबंडल' असतो. तोही मॅकवरच उघडा, त्या तुकड्यांना हात लावू नका.

देजा ड्यूपचा बॅकअप लिनक्सवर, लाइव्ह पेन ड्राइव्हमधूनही, देजा ड्यूप टाकून उघडतो. पासवर्ड लावलेला असेल तर तो आठवायला हवा, त्याला पर्याय नाही. लिनक्सवरचं टाइमशिफ्ट वापरणाऱ्यांनी मात्र आधी खात्री करावी. ते मुळात सिस्टिमसाठी आहे आणि होम फोल्डर आपणहून घेत नाही.

नावांचा घोळ

कॉपी करताना 'अडलेल्या' फाइलींची जी यादी मिळाली, तिच्यातल्या बहुतेकांचं दुखणं आत नसतं, नावात असतं.

विंडोजला नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, दुहेरी अवतरण, उभी रेघ, 'पेक्षा लहान', 'पेक्षा मोठा' आणि दोन्ही तिरप्या रेघा चालत नाहीत. लिनक्सला यातली फक्त पुढे झुकलेली तिरपी रेघ नको असते. त्यामुळे लिनक्सवर 'सभा: काय ठरलं?' या नावाने सुखाने नांदणारी फाइल विंडोजच्या दारात अडते. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा किंवा टिंबही विंडोजला खपत नाही. लिनक्समध्ये असताना किंवा लाइव्ह पेन ड्राइव्हवरूनच अशी नावं बदला. शिवाय विंडोजमध्ये अख्खी वाट सहसा २६० चिन्हांत बसवावी लागते. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असेल तर उतरवायचं ठिकाण ड्राइव्हच्या अगदी मुळाशी ठेवा, तेवढीच जागा वाचते.

लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक लिनक्स मानतं. विंडोज आणि मॅक सहसा मानत नाहीत. फक्त अक्षराच्या आकारात वेगळी असलेली दोन नावं लिनक्सच्या एका फोल्डरमध्ये असतील, तर विंडोजवर नेताना एक फाइल दुसरीवर बसू शकते. तक्रारही होत नाही, म्हणून हे जास्त वाईट.

आता देवनागरी नावांविषयी, कारण परदेशी मार्गदर्शकांत हे सापडत नाही. नावाची कमाल लांबी एनटीएफएसमध्ये २५५ चिन्हं आहे, ईएक्सटी४मध्ये २५५ बाइट. रोमन लिपीत दोन्ही सारखंच. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८मध्ये (लिनक्स ज्या पद्धतीने नावं साठवतं ती) ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे लिनक्सवर जेमतेम ८५ चिन्हं. 'वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि मागील वर्षाच्या जमाखर्चाचा मंजूर ताळेबंद अंतिम दुरुस्तीसह' हे नाव घ्या. वर्डचं एक्स्टेन्शन धरून विंडोजच्या हिशेबाने ती १०० चिन्हं होतात, लिनक्सच्या हिशेबाने २६८ बाइट. विंडोजवर वर्षानुवर्षं चाललेली ही फाइल लिनक्सवर 'नाव फार लांब आहे' म्हणून येतच नाही. अशी नावं एनटीएफएस डिस्कवरच कमी करता येतील, पण बॅकअपवर लिहायचं नाही या नियमाला मुरड घालण्यापेक्षा ती एकेक फाइल उघडून नव्या जागी छोट्या नावाने सेव्ह केलेली बरी.

दुसरा घोळ 'ऱ' चा. 'दुसऱ्या सत्राच्या नोट्स' या नावातला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना फरक दिसत नाही. एचएफएस प्लस नावं फोडून साठवतं, म्हणून जुन्या मॅकवर बांधलेल्या झिप किंवा टार गठ्ठ्यांतून दोन चिन्हांचा ऱ येऊ शकतो, आणि तुम्ही कीबोर्डवरून टाइप करता तो एका चिन्हाचा. मग फाइल समोर दिसते पण शोधून सापडत नाही, किंवा एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात. लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही हे साधन अख्ख्या फोल्डरमधली नावं एकाच पद्धतीची करतं. आधी नुसतं काय बदलेल ते दाखवतं, वेगळी परवानगी दिल्यावरच बदलतं. मॅकवर केलेली झिप विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये उघडल्यावर देवनागरी नावं अगम्य दिसू लागली, तर ती सेव्हन-झिपने उघडून पाहा. आतला मजकूर शाबूत असतो.

मॅककडून आलेल्या फोल्डरांत टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या बारक्या फाइली आणि 'डीएस स्टोअर' नावाच्या लपवलेल्या फाइली भरलेल्या असतील. विंडोज आणि लिनक्सवर त्यांचा काही उपयोग नाही. उतरवलेल्या प्रतीतून खुशाल पुसा.

परवानग्या

मॅक किंवा दुसऱ्या लिनक्सच्या डिस्कवरून घेताना 'परवानगी नाही' असं आलं तर मालकी बघा. सिस्टिम मालकाला नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखते. मॅकवरचा पहिला वापरकर्ता ५०१, उबुंटूवरचा १०००. सुडो (व्यवस्थापकाच्या अधिकाराने आज्ञा देण्याची सोय) वापरून कॉपी करा आणि कॉपी झालेल्या फोल्डरची मालकी स्वतःच्या नावे करा. मूळ डिस्कवर काही बदलायची गरज नाही. एनटीएफएसवरून लिनक्सवर आलेली प्रत्येक फाइल 'चालवता येण्याजोगी' दिसते, अगदी फोटोसुद्धा. फाइंड या आज्ञेने फाइलींना ६४४ आणि फोल्डरना ७५५ हे परवानगीचे आकडे द्या, पण वेगवेगळं. सरसकट ६४४ दिलंत तर फोल्डरात शिरताच येणार नाही.

काय आणायचं नाही

प्रोग्रॅम फाइल्स, विंडोज, सिस्टिम, अ‍ॅप्लिकेशन्स हे फोल्डर सोडून द्या. प्रोग्रॅम नव्याने टाकायचे असतात. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट दुसऱ्या सिस्टिमवर निर्जीव आहेत. विंडोजचं अ‍ॅपडेटा किंवा मॅकचं लायब्ररी फोल्डरही (प्रोग्रॅम आपली माहिती इथे ठेवतात) आणायचं नाही, पण पुसायचंही नाही. काही मौल्यवान गोष्टी तिथे दडलेल्या असतात.

थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम आणि फायरफॉक्स ब्राउझर यांचं प्रोफाइल फोल्डर हा त्यातला आनंदाचा भाग. नव्या सिस्टिमवर प्रोग्रॅम टाका, एकदा चालू करून बंद करा, नव्या प्रोफाइलच्या जागी जुन्याचा माल ठेवा. मेल, बुकमार्क, पासवर्ड सगळं येतं. क्रोममध्ये असं होत नाही. त्याचे पासवर्ड त्या त्या सिस्टिमच्या किल्लीने बंद केलेले असतात, त्यामुळे फोल्डर उचलून आणलं तरी ते उघडत नाहीत. सिंक चालू असेल तर खात्यात लॉगिन करा.

आउटलुकच्या बाबतीत आधी स्वतःला विचारा, मेल सर्व्हरवर आहेत का? आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत) किंवा ऑफिसचं खातं असेल तर काहीच रिस्टोअर करायचं नाही, नुसतं लॉगिन करायचं. सर्व्हरवरच्या मेलची आउटलुकने ठेवलेली प्रत म्हणजे ओएसटी फाइल, ती तशीही दुसरीकडे चालत नाही. मेल फक्त तुमच्या संगणकावर उतरवून घेतले असतील तर पीएसटी फाइल शोधा. लिनक्सवर रीडपीएसटी हे साधन तिचं एमबॉक्स या साध्या मेल फाइलीत रूपांतर करतं आणि एमबॉक्स थंडरबर्डला चालतं.

फोटोज अ‍ॅपची लायब्ररी मॅकवर एक फाइल वाटते, बाहेर ती फोल्डर असते. २०१९च्या कॅटालिनापासून तिच्यात 'ओरिजिनल्स' आणि त्याआधीच्या लायब्ररीत 'मास्टर्स' नावाचं फोल्डर सापडेल. फोटो तिथेच आहेत. पण 'ओरिजिनल्स' मध्ये नावं अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ, अल्बम नाहीत आणि केलेली काटछाटही नाही. फोटोच्या आत नोंदलेली तारीख शाबूत असते, तिच्यावरून डिजिकॅमसारखा प्रोग्रॅम वर्षानुसार मांडणी करून देईल. अल्बम हवेच असतील तर पुन्हा मॅक गाठून निर्यात करणं आलं.

फाइल उघडली, पण मजकूर अगम्य

जुन्या मराठी फाइली उघडल्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली, तर फाइल बिघडली असं समजून ती पुसू नका. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर मुळात रोमन अक्षरांच्या जागांवरच बसवलेला असतो. फॉण्ट गेला की सोंग गळून पडतं. जुन्या बॅकअपमध्ये विंडोज फोल्डर असेल तर त्यातल्या 'फॉण्ट्स' मधून तो फॉण्ट घ्या आणि नव्या सिस्टिमवर टाका. लिनक्स आणि मॅक दोन्ही टीटीएफ फॉण्ट स्वीकारतात. मजकूर वाचता आला की रूपांतर करणाऱ्या साधनाने तो युनिकोडमध्ये आणा, म्हणजे पुढच्या बदलीला हा त्रास नको. जोडाक्षरं आणि रफार रूपांतरात चुकतात, तेव्हा मुद्रितशोधन करावंच लागेल.

युनिकोड मजकुराला ही भीती नाही. मंगल किंवा निर्मला नसेल तर लिनक्स लोहित किंवा नोटो वापरतं. मजकूर तोच, फक्त पानं पुढेमागे होतात. इंग्रजी दस्तऐवजांची मांडणी लिब्रेऑफिसमध्ये हलत असेल तर कार्लिटो आणि कॅलाडिया फॉण्ट टाका. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाच्या मापांवर बेतलेले असल्याने ओळी जागेवर येतात.

तपासणी आणि जागेवर लावणं

आधी मोजदाद: मूळ फोल्डर आणि उतरवलेलं फोल्डर यांतल्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार. आकार बाइटमध्ये पाहा, 'डिस्कवर व्यापलेली जागा' हा आकडा दोन सिस्टिमवर वेगळा येणारच. मग शून्य बाइटच्या फाइली शोधा. क्लाउडच्या पाट्या किंवा अर्धवट कॉपी इथे उघडी पडते. फ्रीफाइलसिंक तिन्ही सिस्टिमवर चालतं आणि दोन फोल्डर मजकुराच्या पातळीवर ताडून देतं. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. आरसिंक वापरणाऱ्यांनी त्यालाच चेकसमचा (मजकूर ताडण्याचा) आणि यादी दाखवण्याचा पर्याय देऊन कोरडी फेरी मारावी, म्हणजे काही कॉपी न करता नुसतं काय वेगळं आहे ते पाहावं. काहीच यादी आली नाही तर दोन्ही प्रती एक आहेत.

यंत्राची तपासणी झाली तरी प्रत्येक प्रकारची एकेक फाइल स्वतः उघडा: एक जुना फोटो, एक व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून, एक एक्सेल, एक मराठी दस्तऐवज, एक पासवर्ड लावलेली पीडीएफ. एक्सेलमधले मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये चालतीलच असं नाही. कामाचा हिशेब त्यांवर अवलंबून असेल तर ते आत्ताच कळायला हवं.

त्यानंतर फाइली होम फोल्डरमधल्या आपापल्या जागी हलवा. विंडोजमधलं 'व्हिडिओज' मॅकवर 'मूव्हीज' असतं, आणि लिनक्स मराठीत टाकलं असेल तर या फोल्डरांची नावंही मराठीत असू शकतात, त्यामुळे जुन्या नावाचं दुसरं फोल्डर करून ठेवू नका.

सगळं लागलं की नव्या सिस्टिमचा नवा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. रेस्टिकसारखं तिन्ही सिस्टिमवर चालणारं साधन घेतलंत तर पुढच्या वेळी हा लेख उघडावा लागणार नाही. जुनी डिस्क मात्र लगेच रिकामी करू नका. वर्षातून एकदाच लागणारी कागदपत्रं असतात, कराची, विम्याची, एखाद्या प्रमाणपत्राची. ती आली नाहीत हे त्या वेळीच कळतं. डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि असं एक पूर्ण वर्ष जाईपर्यंत तिला कपाटातच राहू द्या.